तावून निघालेलं लोखंड

अश्वजित : चहा ठेव तिकडं. कोरपन्याहून एवढ्या उन्हात मी चहा प्यायले नाई आलो.

मंजुषा : नको पिऊस. खुर्ची मोकळी आहे, बसून बोल. आणि आवाज खाली घे, ही लॅब आहे. पलीकडच्या खोलीत माणसं काम करताहेत.

अश्वजित : भट्टीपाशी जलम गेला माझा, ताई. तिथी हळू बोलणाऱ्याचं कोणी आयकत नाई. उद्या अपघाताची चौकशी हाय. तू काय सांगणार हायस ते मले आज पाहिजे.

मंजुषा : जे सापडलं ते सांगणार.

अश्वजित : काय सापडलं?

मंजुषा : उद्या सगळ्यांसोबत ऐकशील.

अश्वजित : सगळ्यांसोबत. म्हणजे मी अन् तो सेफ्टीवाला साहेब, दोघं सारखेच तुले. सख्खा भाऊ हावो मी तुझा.

मंजुषा : ते मी पहिल्याच दिवशी इथल्या साहेबांना सांगितलं. म्हटलं, अपघात माझ्या भावाच्या गँगमध्ये झाला आहे. ज्याचा पाय गेला तो पवन माझ्या भावाचा साळा आहे. हा फुटलेला तुकडा तपासायला दुसऱ्या कोणाकडे द्या. ते म्हणाले, असलं काम करणारं चंद्रपुरात दुसरं कोण आहे ते सांग, त्याला देतो.

अश्वजित : मंग चांगलंच झालं ना. तुझ्याच हातात आलं. मले फक्त एक वाक्य पाहिजे. ढलाईत खोट होती. बस. फाऊंड्रीवाल्यानं खराब माल देल्ला, लोखंडाचा कान फुटला, त्याले टांगलेली मोटर पवनच्या पायावर पडली. यात खोटं काय हाय?

मंजुषा : पहिलंच वाक्य.

अश्वजित : तू काय आतमधी घुसून पाह्यलं?

मंजुषा : त्याचाच पगार मिळतो मला. कापला, घासला, भिंगाखाली धरला. ढलाई स्वच्छ आहे. आत पोकळी नाही, कचरा नाही. तो कान ज्या प्लेटेचा, ती फाऊंड्रीतून निघाली तेव्हा तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

अश्वजित : मंग फुटली काऊन? हौसेनं?

मंजुषा : जिथे लावायची नाही तिथे तुम्ही लावली म्हणून.

अश्वजित : आलं. आलं तोंडावर. तुम्ही म्हणजे मी.

मंजुषा : गँगचा फोरमन कोण होता?

अश्वजित : मी होतो. अन् पवनले खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत पळणारा बी मीच होतो. माझा शर्ट अजून तसाच पडला हाय घरी, हर्षा धुवू नाई देत, भावाचं रक्त हाय म्हणते. तू कुठी होती? तू इथी थंड हवेत बसून भिंगातून पाहून राह्यली.

मंजुषा : थंड हवा मशीनसाठी आहे. माझ्यासाठी तो कूलर आहे, त्यातही पाणी नाही.

अश्वजित : मले कूलरचं नोको सांगू.

मंजुषा : मग तू मला सांग. भट्टीच्या तोंडाशी ज्या प्लेटा बसतात त्या वर्षानुवर्षं लाल होऊन आगीत राहतात. झिजल्या की काढायच्या आणि भंगारात टाकायच्या, एवढाच नियम आहे. तुम्ही काय केलंत? त्यांचे साखळी अडकवायचे भोकाचे कान कापून घेतलेत, बीमला बोल्ट मारून बसवलेत, आणि त्याला चेनपुल्ली टांगून वजनं उचलायला लागलात. हे तुम्हाला कोणी सांगितलं?

अश्वजित : सांगाले कायले पाहिजे? सगळेच गँग करते. आज नाई, बाबाच्या जमान्यापासून करते. बाबा काय म्हणत होते ते तू विसरली असशील, मी नाई विसरलो. नवं लोखंड नव्या जावयासारखं, त्याचा भरोसा लवकर करू नोको. आगीतून तावून निघालेलं लोखंड दगा देत नाई.

मंजुषा : बाबांना यात आणू नकोस.

अश्वजित : काऊन नोको? त्याच भट्टीवर बाबाची जिंदगी गेली. त्याच्या हाताखाली एकाचं बोट बी नाई कटलं. तुले नागपूरले शिकाले धाडलं, अन् मले म्हणलं, आशू, आयटीआय पुरे झालं, आता भट्टी पाह्य. मी पाह्यली. बाबानं जसं शिकवलं तसं केलं. आता तू भिंग घेऊन म्हणतं का बाबा चुकला.

मंजुषा : मी तसं म्हटलेलं नाही.

अश्वजित : उद्या म्हणशील ना. भरल्या सभेत म्हणशील. फोरमननं भंगाराचं लोखंड लावलं. मंग माझी नोकरी गेली, वरून केस. तुले बरं वाटन का?

मंजुषा : नाही वाटणार. गेला आठवडाभर मला नीट जेवण गेलेलं नाही. पण दुसरीकडे पोचू आहे. फाऊंड्रीत लोखंड वितळवणारा. तुला माहीत आहे तो, बाबांच्या मौतीला आला होता. अपघात झाला त्या दिवसापासून त्याला घरी बसवलंय. मालक म्हणतो, ढलाईत खोट निघाली तर परत तोंड दाखवू नकोस.

अश्वजित : पोचूचे दोन्ही पाय हाय ना जागेवर?

मंजुषा : तुझेही आहेत.

अश्वजित : हे बोलाचं नाई, ताई.

मंजुषा : तू बोललास म्हणून बोलले. मला सांग, पवन काय म्हणतो?

अश्वजित : काई नाई म्हणत. भिंतीकडं तोंड करून रायते. मी गेलो का डोळे मिटते. बुद्ध जयंतीच्या मंडपाले खांबावर माकडासारखा चढत होता पोट्टा, अन् आता पाणी पाजलं तं पिते, नाई तं नाई. हर्षा बसली रायते त्याच्यापाशी, अन् रात्री घरी आली का मले एकच इचारते. कोणाच्या गलतीनं झालं?

मंजुषा : तू काय सांगितलंस तिला?

अश्वजित : सांगितलं. फाऊंड्रीचं लोखंड खराब होतं.

मंजुषा : आणि?

अश्वजित : अन् ताई त्याहिले वाचवून राह्यली.

मंजुषा : तरीच. परवा मी दवाखान्यात डबा घेऊन गेले. माझ्याकडे पाहिलं नाही तिनं. डबा पलंगाखाली सरकवला, आणि मी निघाले तर तोच डबा माझ्या हातात परत दिला. भरलेला. तिला नणंदेचं तोंड नकोसं झालंय, आणि तू ते होऊ दिलंस.

अश्वजित : तुझा फोन बी ब्लॉक केला तिनं. मी नाई म्हणलो नाई.

मंजुषा : शाबास.

अश्वजित : तू काय फुलं टाकाचं काम केलं का? आपल्या माणसावर वेळ आली तं माणूस पाठीशी उभं रायते. तू कायद्याची पोथी काढून बसली.

मंजुषा : आशू, उद्या मी ढलाईत खोट होती म्हणाले, तर काय होईल? फाऊंड्री बदलतील. नव्या प्लेटा आणतील. आणि तुमचे जुने कान तिथेच राहतील, सगळ्या गँगच्या चेनपुल्ल्यांवर. कारण दोष तर पोचूच्या ढलाईचा होता ना, कानाचा थोडाच. मग पुढच्या खेपेला खाली कोण उभा असेल, ते तू सांग.

अश्वजित : पुढचं पुढं. बाकी कान फुटले काय? नाई फुटले. एक फुटला. म्हणजे त्या एकात खोट होती. साधा हिशोब हाय.

मंजुषा : हिशोब साधा नाही. हे बघ, ही पट्टी बघ. हात लावून बघ.

अश्वजित : काय हाय हे? घोड्याच्या नालासारखं.

मंजुषा : फुटलेल्या कानातूनच कापलेली पट्टी आहे. आज सकाळी वाकवली मी. कुठे चीर दिसते?

अश्वजित : नाई दिसत. मंग. मी काय म्हणून राह्यलो इतक्या वेळचा? लोखंड पक्कं हाय. दोन टोकं एक झाले तरी फुटलं नाई. तूच माझी बाजू मांडून राह्यली.

मंजुषा : ती लाल असताना वाकवली. भट्टीत ठेवून, लाल करून, तशीच चिमट्यात धरून. थंड केली असती तर वाकली नसती.

अश्वजित : लोखंड थंड झालं का आणखी पक्कं होते. शेंबडं पोरगं सांगन.

मंजुषा : साधं लोखंड. हे साधं नाही. यात क्रोम आहे, निकेल आहे, म्हणून तर आग सोसतं. पण फार वर्षं आगीत राहिलं की आतलं क्रोम कणांच्या कडेला गोळा होतं आणि तिथे एक कडक पदार्थ तयार होतो. काचेसारखा. बाहेरून काही दिसत नाही. प्लेट लाल आहे तोवर तो पदार्थ त्रास देत नाही, बाकीचं लोखंड मऊ असतं, ते सांभाळून घेतं. थंड झाली की मात्र कोणी सांभाळत नाही. आई संक्रांतीला तिळाची वडी थापायची ना? गरम होती तोवर बोटानं वळायची. आणि गार झाल्यावर?

अश्वजित : वडीनं मोटरा नाई उचलत कोणी.

मंजुषा : तेच सांगते आहे. उचलू नका.

अश्वजित : अन् थंड थंड काय करून राह्यली? चंद्रपुरात, मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमधी, तुले लोखंड थंड दिसते? हात ठेवून पाह्य, कातडं निघन.

मंजुषा : तुझं कातडं निघेल. लोखंडाला सत्तेचाळीस डिग्री म्हणजे हिवाळाच आहे. त्याची सवय नऊशेची.

अश्वजित : बाबा म्हणत होते ते मंग उगाच?

मंजुषा : उगाच नाही. हेच मला तुला सांगायचं होतं, पण तू आल्यापासून तलवार काढून उभा आहेस. बाबांच्या वेळी भट्टी बंद पडली की ती निवेपर्यंत कोण थांबायचं? ओलं पोतं अंगावर घेऊन आत घुसायचे. प्लेट धगधगत असतानाच तिच्या कानात साखळी घालायचे आणि ओढायचे. ते आठवत नाही तुला? बाबांच्या पापण्या कायम जळलेल्या असायच्या.

अश्वजित : आठवते.

मंजुषा : त्यांनी पाहिलं ते गरम लोखंड पाहिलं. ते वाकलं, ताणलं, पण तुटलं नाही. म्हणून म्हणाले, दगा देत नाही. खरंच बोलले. तुमचं आता सगळं नियमानं चालतं, भट्टी निवल्याशिवाय कोणी हात लावत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण बाबांचं वाक्य तेवढं तुम्ही तसंच ठेवलंत. कापलेला कान शेडमध्ये पडून गार झाला आणि तो तुम्ही बीमला लावलात. खोटे बाबा नाहीत. त्यांचं गरमातलं वाक्य तू थंडाला लावलंस.

अश्वजित : वा. किती गोड करून सांगितलं. बाबा सुटला, पोचू सुटला, तू तं पहिलेच सुटली होती. राह्यला कोण? आशू.

मंजुषा : तुला माहीत नव्हतं, हे मी उद्या सांगणारच आहे. तुमच्या साहेबांपैकीही कोणाला माहीत नव्हतं. वर बघून जाणाऱ्या एकानंही विचारलं नाही की हे कान कुठून आले. तेही सांगणार आहे.

अश्वजित : मेहेरबानी. पण एक सांग मले. तुझं एवढं भिंग खरं असन, तं माझ्या घरी काऊन नाई फुटला?

मंजुषा : काय नाही फुटला?

अश्वजित : कान. त्या प्लेटाचे दोन कान निघाले होते. एक बीमले लावला. दुसरा मी घरी नेला. पिंकीच्या नाव ठेवण्याले पाळणा कायले टांगला होता, मालूम नाई तुले? छपराच्या पाइपले बोल्ट मारून तोच कान बसवला. त्याच्यावरून फुगे सोडले होते. तू बी झोका देल्ला होता त्या दिवशी, गाणं म्हणत होती. तवापासून पिंकी रोज त्याच पाळण्यात झोपते. दिवसभर झोके चालू रायते, आई देते, हर्षा देते, शेजारचे पोट्टे देते. काई झालं? काईच नाई. हे बी सांगजो उद्या चौकशीत.

मंजुषा : आशू. तो कान अजून तिथेच आहे?

अश्वजित : मंग कुठी जाईन? आता बी झोपली असन ती त्याच्यात. हर्षा आज दुपारी घरीच हाय.

मंजुषा : फोन लाव हर्षाले.

अश्वजित : पाह्य. भाषा बदलली.

मंजुषा : आशू, फोन लाव. तिले सांग पोरीले उचलाले. मंग मले काय बोलाचं ते बोल.

अश्वजित : समजलं मले. आता हे काढलं. पोरीचं भेव दाखवाचं, माझ्या हातानं फोन लावाचा, अन् मी फोन लावला का झालं. अश्वजितनं कबूल केलं. मी काय कुकुलं बाळ हावो का?

मंजुषा : मला तुझ्याकडून काही कबूल करून घ्यायचं नाही. मी लावते. थांब.

अश्वजित : लाव. वाजत बी नाई तुझा फोन तिच्याकडं.

मंजुषा : आईकडे?

अश्वजित : आई विहारात गेली असन. अन् घरी असली तरी आईचा फोन कवा लागला होता? तो डब्यात रायते, चार्जिंग संपते म्हणून.

मंजुषा : आशू, मी हात जोडते.

अश्वजित : किती वजन हाय गा पिंकीचं? पाळणा धरून बारा-पंधरा किलो. त्याच्या जोडीचा कान मोटर उचलत होता, मोटर. पंधरा किलोनं त्याले काय होते?

मंजुषा : वजनानं नाही रे फुटत ते, झटक्यानं फुटते. पवनच्या वेळी मोटर टांगलेली राहिली तोवर काही झालं नाही. साखळीला हिसका बसला, आणि मग गेला. आणि तू घरी बोल्ट बसवला तेव्हा भोक बराबर आलं होतं?

अश्वजित : थोडं अडलं होतं.

मंजुषा : मग काय केलं?

अश्वजित : काय करतेत? घन मारला.

मंजुषा : मग चीर असेल तर तिथेच असेल. आत. अन् तो कान एकटाच पाच-सहा किलोचा हाय, पोरीच्या डोक्याच्या बराबर वर. पाळणा राह्यला बाजूले.

अश्वजित : भरोसा नाई माझा तुझ्यावर. आता नाई राह्यला. तुले उद्यासाठी काईही पाहिजे असन.

मंजुषा : माझ्यावर नको ठेवू. हा पट्टी पकडायचा वाइस आहे, हा हातोडा आहे. त्या ताटात फुटलेल्या कानाच्या पट्ट्या आहेत. मी हात लावत नाही. तुझ्या हातानं निवड, तुझ्या हातानं वाइसमध्ये कस, आणि मार.

अश्वजित : पहिलेच चीर पाडून ठेवली असशील.

मंजुषा : भिंग घे. उन्हात धरून बघ. पण लवकर बघ.

अश्वजित : ती त्या कोपऱ्यातली कोणती?

मंजुषा : ती नव्या प्लेटेची. पोचूनंच ढाळलेली, आगीत कधी न गेलेली. आधी तिच्यावर मारायचं असेल तर तिच्यावर मार.

अश्वजित : तिच्यावरच मारतो. पोचूची ढलाई कशी हाय ते बी पाहू.

मंजुषा : मार.

अश्वजित : वाकली.

मंजुषा : फुटली?

अश्वजित : नाई. वाकली.

मंजुषा : आता दुसरी घे. ती नाही, ती मी सांगितली असं म्हणशील. तुला हवी ती घे.

अश्वजित : हे घेतली. मधातली. हे वाकली ना, ताई, तं मी उद्या सगळ्यांसमोर तुले खोटी म्हणणार हावो. सांगून ठेवतो.

मंजुषा : म्हण. देवाशप्पथ, नाही, बाबांची शप्पथ, ती वाकू दे आणि तू मला खोटी म्हण. मार.

(अश्वजित एकच घाव घालतो. पट्टीचं वरचं टोक तुटून खिडकीच्या गजावर आपटतं आणि फरशीवर पडतं.)

अश्वजित : जोर जास्त झाला.

मंजुषा : नव्या पट्टीवर मारला तेवढाच होता.

अश्वजित : दुसरी दे. नाई, मीच घेतो.

मंजुषा : आता हळू मार. घरी बोल्टावर जेवढा मारला होतास तेवढाच.

अश्वजित : हातोडा धर एक मिनिट. घाम आला हाताले.

मंजुषा : मार, आशू.

अश्वजित : हे बी गेली.

मंजुषा : आता लावतोस?

अश्वजित : चहाच्या कपाचा कान तुटते ना, तशी गेली. लोखंडासारखी वाटलीच नाई हाताले.

मंजुषा : आशू, फोन.

अश्वजित : लावून राह्यलो. बोटं नाई चालून राह्यली स्क्रीनवर, ओली हाय.

मंजुषा : दे इकडे. स्पीकरवर ठेव. वाजतोय.

अश्वजित : उचलत काऊन नाई?

मंजुषा : उचलेल.

अश्वजित : झोका देत असन. झोका देताना फोन नाई पाहत ती.

मंजुषा : पुन्हा लाव.

हर्षा : काय हो? पवनचा काई निरोप हाय का?

अश्वजित : नाई. पिंकी कुठी हाय?

हर्षा : कुठी म्हणजे? पाळण्यात. आत्ताच डोळा लागला तिचा, हळू बोला.

अश्वजित : झोका थांबव.

हर्षा : थांबला म्हणजे उठते ते. किती वेळची देऊन राह्यली, तवा कुठी झोपली.

अश्वजित : हर्षा, दोरी सोड हातातली. ओढू नोको. पाळण्याले हात लावून हळूच थांबव, अन् तिले उचल. अन् तिथून बाजूले हो, ओसरीत जा.

हर्षा : ओसरीत ऊन आलं हाय पूरं. काय झालं ते तं सांगा.

अश्वजित : आधी उचल. मंग सांगतो.

हर्षा : थांबा, फोन ठेवते खाली.

अश्वजित : ताई, काई आवाज आला का?

मंजुषा : नाही. बांगड्या वाजल्या तिच्या.

अश्वजित : एवढा वेळ कायले लागते?

मंजुषा : थांब. पिंकी रडते आहे. ऐक. उचलली तिनं.

हर्षा : घेतली. दारात उभी हावो. उठली, झाली तुमची हौस? आता सांगा.

अश्वजित : त्या पाळण्याखाली कोणी जाऊ नोको. आई आली का तिले बी सांग. मी येऊन काढतो तो कान.

हर्षा : कोणता कान?

अश्वजित : वरचा. लोखंडी.

हर्षा : तो काऊन काढता? तुम्हीच तं छाती ठोकून सांगत होते सगळ्याले. तावून निघालेलं लोखंड हाय, हिचे नातू बी झुलतीन याच्यात.

अश्वजित : म्हणलो होतो.

हर्षा : मंग?

अश्वजित : त्याचा भरोसा नाई राह्यला.

हर्षा : आयका. पवनच्या वर जो फुटला, तो बी असलाच होता का?

अश्वजित : हो.

हर्षा : हाच?

अश्वजित : एकाच प्लेटाचे दोन्ही. एक तिथी लावला, एक घरी आणला.

हर्षा : तुम्ही तं म्हणत होते, फाऊंड्रीवाल्याचं लोखंड खराब होतं.

अश्वजित : लोखंड बरं होतं, हर्षा. पोचूनं बराबर ढाळलं होतं. ते आगीत राहून तसं झालं अन् मले समजलं नाई. बीमले मी लावला तो. मीच.

हर्षा : ताई हाय का तिथी?

मंजुषा : आहे, हर्षा.

हर्षा : उद्या चौकशीत तुम्ही हेच सांगणार होते?

मंजुषा : हो.

हर्षा : सांगा मंग.

अश्वजित : मी बी सांगतो. ताईच्या पहिले मीच सांगतो.

हर्षा : चौकशीचं उद्या पाहा. तुम्ही आता घरी नोका येऊ, पहिले दवाखान्यात जा अन् पवनले सांगा. तुम्ही बाहेर गेले का तो मले रोज एकच इचारते, बाई, माझ्याच हातून साखळी सुटली काय वो?